ऊन पाण्याची मालकी

१९६८ साली कॅलिफोर्नियातील रॉय जकूझी या तरुणाने आपल्या घराण्याच्या कारखान्यातून स्नानाचा एक नवा टब बाजारात आणला. पाण्याचे जोरदार झोत सोडणाऱ्या नळ्या टबाच्या भिंतींतच बसवलेल्या होत्या. पंपही त्याच सांगाड्याचा भाग होता. या टबाचे नाव ठेवले गेले 'रोमन बाथ'. नाव विक्रीच्या दृष्टीने उत्तम होते, परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्यात एक मोठीच विसंगती आहे. रोमन स्नान म्हणजे शेकडो माणसांनी एका छताखाली, एकमेकांच्या देखत करण्याची गोष्ट. जकूझीचा टब हा घराच्या बंद दाराआडचा, एकट्याचा, फार तर दोघांचा. ज्या संस्थेचे नाव घेतले, नेमका तिचाच प्राण काढून घेतला, असा हा प्रकार. गरम पाण्यात बसून राहण्याचे फायदे कोणते, हा प्रश्न आज आरोग्याच्या पुरवण्यांतून नित्य चर्चिला जातो. त्याआधीचा एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही : ते पाणी कोणी तापवले, आणि त्यात कोणाला उतरू दिले?

रोमपासूनच सुरुवात करू. काराकाल्ला या सम्राटाच्या नावाने ओळखले जाणारे स्नानगृह इ.स. २१६ मध्ये खुले झाले. एका वेळी सुमारे सोळाशे माणसे तेथे स्नान करू शकत, असा परंपरेने चालत आलेला अंदाज आहे. थंड, कोमट आणि कढत अशा तीन दालनांतून माणूस क्रमाने फिरे. फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली असे आणि तिच्याखालून भट्टीची ऊब खेळवलेली असे. भिंतींतील पोकळ नळ्यांतून तीच ऊब वर चढे. प्रवेशाचे मूल्य सर्वसाधारणपणे एक 'क्वाद्रान्स', म्हणजे जवळजवळ सर्वांत हलके नाणे. त्यामुळे सिनेटर आणि चांभार एकाच कुंडात बसू शकत, हे रोमन स्नानगृहांचे नेहमी सांगितले जाणारे वैशिष्ट्य. ते खोटे नाही. पण त्याच इमारतीच्या पोटात भुयारे होती, आणि त्या भुयारांत गुलाम दिवसभर भट्ट्यांत लाकडे लोटत होते. वरच्या मजल्यावरची समता खालच्या मजल्यावरच्या विषमतेवर तापत होती. पर्यटकांना आज ही भुयारेही दाखवतात. वरच्या भव्य कमानींपेक्षा मला तीच अधिक बोलकी वाटतात.

साहित्याच्या विद्यार्थ्याने या संदर्भात सेनेकाची दोन पत्रे आवर्जून वाचावीत. छप्पन्नाव्या पत्रात तो एका स्नानगृहाच्या वर बिऱ्हाड करून राहिला आहे आणि खालून येणारे आवाज एकामागून एक नोंदवतो : वजने उचलणाऱ्यांचे हुंकार, मालिश करणाऱ्याच्या तळव्याचा फटका, स्वतःच्या गळ्यावर प्रेम असलेल्या कोणाचे तरी न्हाताना चाललेले गाणे, काखेतले केस उपटून घेणाऱ्याची किंकाळी, खाद्यपदार्थ विकणाऱ्यांच्या आरोळ्या. एवढ्या गोंगाटात मन स्थिर ठेवता येते का, हा त्याचा तात्त्विक प्रश्न. आपल्या हाती मात्र तत्त्वज्ञानापेक्षा तो गोंगाटच अधिक लागतो. शहाऐंशीव्या पत्रात तो स्किपिओ या सेनानीच्या जुन्या वाड्यातील लहानशी, अंधारी न्हाणी पाहतो आणि आपल्या काळच्या संगमरवरी चैनीशी तिची तुलना करतो. पूर्वीचे लोक हातपाय रोज धूत, सर्वांग मात्र आठवडी बाजाराच्या दिवसालाच, असे तो तेथे सांगतो. त्याच्या मते स्किपिओच्या अंगाला वास येत असेल तर तो सैन्याचा, शेतकामाचा, पुरुषार्थाचा वास होता. कढत पाण्याचे सुख माणसाला मऊ करते ही तक्रार किती जुनी आहे, हे यावरून ध्यानात येते. आपल्याकडे थंड पाण्याच्या स्नानाचे गोडवे गाणाऱ्या वडीलधाऱ्यांना सेनेका फार जवळचा वाटला असता.

इंग्लंडमधील बाथ या गावी रोमनांनी एका नैसर्गिक ऊन झऱ्यावर स्नानगृह आणि सुलिस-मिनर्व्हा या जोडदेवतेचे मंदिर बांधले. झऱ्याचे पाणी सुमारे ४६ अंश सेल्सिअस तापमानाचे. दिवसाकाठी दहा लाख लिटरहून अधिक पाणी आजही वर येते. १९७९-८०च्या उत्खननात त्या कुंडातून शिसे व कथलाच्या मिश्रणाचे शंभराहून अधिक पातळ पत्रे निघाले. त्यांवर कोरलेले आहेत शाप! माझा अंगरखा ज्याने नेला तो पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा मुक्त, त्याला देवीने झोप लागू देऊ नये, अशा आशयाचे. न्हायला गेलेल्यांचे कपडे चोरीला जात आणि दाद मागायची तर देवीपाशीच. एका प्रांतिक गावातील साध्या माणसांच्या हातचे लेखन इतक्या निर्व्याज रूपात क्वचितच मिळते. सार्वजनिक स्नान म्हणजे केवळ पाणी नव्हे. त्यात चोरी आली, संशय आला, शेजार आला.

इ.स. ५३७ मध्ये गॉथ सैन्याने रोमला वेढा घालून शहराला पाणी पुरवणारे उन्नत पाट तोडले आणि मोठी स्नानगृहे कोरडी पडली. पुढे युरोपात न्हाणीघरे अधूनमधून फोफावली, सोळाव्या शतकाच्या सुमारास रोगांच्या भयाने आणि नीतीच्या धाकाने आटली. तो तपशील येथे नको. एक चित्र मात्र टाळता येत नाही. १३ जुलै १७९३ रोजी पॅरिसमध्ये मारा हा क्रांतिकारक पत्रकार आपल्या टबात बसलेला असताना शार्लोत कॉर्दे हिने त्याचा खून केला. त्वचेच्या असह्य विकारामुळे तो तासन्‌तास औषधी पाण्यात बसून असे, आणि टबावर आडवी फळी टाकून तेथेच लेखन करी. दाव्हिदने रंगवलेल्या चित्रात टब, लेखणी आणि प्रेत एकत्र आहेत. एकट्याचा टब इतिहासात आजारी माणसाची जागा म्हणून शिरतो, ही गोष्ट पुढे लक्षात ठेवावी लागेल.

जपानची कथा अगदी वेगळी आहे. ज्वालामुखींच्या त्या देशात ऊन झरे गावोगाव. त्यांना 'ओन्सेन' म्हणतात. शहरांतून पाणी तापवून चालवलेली सार्वजनिक न्हाणीघरे ती 'सेंतो'. तेथील पद्धतीचा एक तपशील आपल्या दृष्टीने कळीचा आहे. माणूस आधी कुंडाबाहेर बसून अंग घासूनपुसून स्वच्छ धुतो, साबण पूर्ण काढून टाकतो, आणि मग कुंडात उतरतो. कुंड हे मळ काढण्यासाठी नाहीच. ते ऊब घेण्यासाठी आहे. म्हणून एकाच पाण्यात अनेक जण, आणि घरी असेल तर सारे कुटुंब पाळीपाळीने, बसू शकते. 'साचलेल्या पाण्यात बसणे म्हणजे आपल्याच मळात बसणे' हा जो आपला ठरलेला आक्षेप, त्याचे उत्तर जपान्यांनी वादात नव्हे तर क्रमात शोधले.

एदो शहरातील, म्हणजे आजच्या टोकियोतील, अशा न्हाणीघरावर शिकितेइ सान्बा या लेखकाने 'उकियोबुरो' नावाचे पुस्तक लिहिले; ते १८०९ ते १८१३ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाले. त्याला कथानक जवळजवळ नाही. स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या न्हाणीत येणारी माणसे बोलतात, एवढेच. सासूच्या तक्रारी, पोरांची भांडणे, म्हाताऱ्यांची दुखणी, पंडितांचा पोकळ डौल, परगावच्या माणसाची बोली आणि तिची टवाळी. त्या काळच्या एदोतील बोलीभाषेचा अभ्यास करणारे आजही या पुस्तकाकडे वळतात. उष्णता निसटू नये म्हणून कुंडाकडे जाणारे दार त्या काळी इतके बुटके असे की प्रत्येकाला वाकूनच आत जावे लागे. आतील अंधुक वाफेत चेहरे दिसत नसत. ऐकू येत ते आवाज. संवादप्रधान गद्याला याहून अनुकूल जागा कोणती असणार! आपल्याकडे पाणवठा, पार आणि चावडी यांनी साहित्याला जे दिले, ते तेथे न्हाणीघराने दिले असे म्हणावयास हरकत नाही.

शंभर वर्षांनी नात्सुमे सोसेकीच्या 'बोच्चान' (१९०६) या कादंबरीतही ऊन पाण्याचे कुंड आहे. टोकियोहून आडगावच्या शाळेत आलेला तरुण मास्तर रोज तेथे जातो, कुंड रिकामे पाहून मजेत पोहतो. आणि एके दिवशी तेथे 'पोहण्यास मनाई' अशी पाटी लागलेली दिसते. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर पोरांनी तेच वाक्य लिहून ठेवलेले. लहान गावात बदली होऊन गेलेल्या कोणाही अध्यापकाला हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. सार्वजनिक स्नानात सुख असते, आणि त्या सुखावर सर्वांची नजरही असते. कादंबरीतील कुंडाचे मूळ मात्सुयामा शहरातील दोगो ओन्सेन मानले जाते; १८९४ साली बांधलेली त्याची लाकडी इमारत अजून उभी आहे.

आता आपल्याकडे वळू. ऊन पाण्याने भरलेल्या पात्रात माणसाने बसून राहावे, ही कल्पना भारताला परकी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील स्वेदाध्यायात अग्नीच्या साहाय्याने घाम आणण्याचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत 'अवगाह' हा एक. औषधी काढा, दूध, तेल, तूप अशा द्रव्यांनी भरलेल्या कोठीत रुग्णाने बसावयाचे. हाच खरे तर आपला 'हॉट टब'. पण तो रुग्णासाठी, वैद्याच्या देखरेखीखाली. वाग्भटानेही ऊन पाण्याचे स्नान कमरेखालच्या शरीराला बळ देणारे आणि डोक्यावर घेतल्यास केसांना व डोळ्यांना अपायकारक असे सांगून ठेवले आहे. दुसऱ्या टोकाला राजा. कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या उपभोगांमध्ये 'स्नानभोग' आहे : सुगंधी तेलाचे मर्दन, मग उटणे, मग सुखोष्ण पाणी. म्हणजे ऊन पाणी रुग्णाला उपचार म्हणून, राजाला भोग म्हणून. मधल्या सर्वांसाठी काय?

मधल्या सर्वांसाठी स्नान होते ते शुद्धीसाठी. आपल्या स्नानकल्पनेचे मर्म मळ काढण्यातही नाही आणि ऊब घेण्यातही नाही. ते विटाळ काढण्यात आहे. विटाळ वाहत्या पाण्याने जातो, ओतलेल्या पाण्याने जातो, साचलेल्या पाण्यात बसून जात नाही. दुसऱ्याचा स्पर्श झालेल्या पाण्यात तर तो वाढतोच. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मधील वडिलांचे सोवळे ज्यांनी वाचले आहे, त्यांना पाणी हे धुण्याचे साधन न राहता धाकाचे साधन कसे होते, हे निराळे सांगण्याची गरज नाही. सामायिक ऊन स्नानाची संस्था येथे का उभी राहिली नाही, याचे उत्तर हवामानात शोधण्याची रीत आहे. उकाड्याच्या देशात कढत कुंड कोणाला हवे, असे म्हणतात. मला ते पटत नाही. जपानी माणूस दमट उन्हाळ्यातही कुंडात उतरतोच. शिवाय देशावरची पौषातली पहाट ज्याने अनुभवली आहे तो हा युक्तिवाद करणार नाही. एकाच पाण्यात बसायचे तर शेजारच्या देहाचा स्वीकार करावा लागतो, आणि नेमके तेच जातिव्यवस्थेला अशक्य होते, हे उत्तर अधिक सरळ आहे.

कोकणातले झरे याला साक्षी आहेत. उत्तरेस ठाणे जिल्ह्यात तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. दक्षिणेकडे उतरावे तर महाडजवळचे सव, दापोली तालुक्यातील उन्हवरे, संगमेश्वराजवळ तुरळ, राजवाडी, आरवली, आणि राजापूरजवळचे उन्हाळे. 'उन्हाळे' या शब्दाचा अर्थच मुळी ऊन पाण्याचा झरा. ऋतूचा अर्थ आपल्याला अधिक परिचित झाला इतकेच. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, तेथील उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. येथे ना लाकूड लागते ना गुलाम. पाणी तापवण्याचे श्रम भूमीनेच उचललेले. तरीही या झऱ्यांभोवती गप्पांची संस्कृती, 'उकियोबुरो'सारखे गद्य निर्माण झाले नाही. उभी राहिली ती देवळे आणि आख्यायिका. चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर, १७३९ नंतर, वज्रेश्वरीचे मंदिर बांधवले; तेथील ऊन पाणी म्हणजे देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त, अशी श्रद्धा आहे. माणसे आली ती संधिवात, खरूज, नायटा घेऊन आणि नवस घेऊन. सवचे ऊन झरे ज्या सावित्रीच्या काठी आहेत, तिच्याच काठच्या महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर जाऊन साध्या थंड पाण्याची ओंजळ उचलावी लागली. ज्या समाजात तळ्याच्या ओंजळीसाठी सत्याग्रह करावा लागतो, तेथे सामायिक कुंडाची भाषा कोणी करावी?

घरातले ऊन पाणी हा आणखी एक अध्याय. तांब्याचा बंब, त्याच्या पोटातील नळकांड्यात ढलप्या आणि गोवऱ्या, शेजारी पितळी घंगाळ, दगडी न्हाणी. या साऱ्याविषयी अलीकडे फार हळवे लिहिले जाते. दिवाळीच्या अंकांत बंबाच्या धुराला अत्तराचा वास येतो! पण पहाटे चार वाजता उठून तो बंब पेटवला कोणी, सारवलेल्या अंगणातून बादल्या वाहिल्या कोणी, आणि घरातल्या सर्वांचे झाल्यावर उरलेल्या कोमट पाण्यात शेवटी आंघोळ कोणी केली, हे त्या लेखांत सहसा येत नाही. काराकाल्लाच्या भुयारातील गुलामाची जागा आपल्या घरांत सुनेने आणि मोलकरणीने घेतली होती. घंगाळाचे सौंदर्य मला मान्य आहे. त्याची घडण, त्याच्या कड्या, त्यातले हलते पाणी, सारे मान्य. परंतु पाणी तापवणाऱ्या वीजयंत्राचे बटण घरात आले त्या दिवशी एका बाईची पहाटेची दोन तासांची झोप परत मिळाली, याची नोंद सौंदर्याच्या शेजारी व्हावयास हवी.

जकूझी घराण्याकडे आता परत जाता येईल. उत्तर इटलीतील फ्रिउली प्रांतातून सात भाऊ कॅलिफोर्नियात आले आणि १९१५ च्या सुमारास त्यांनी विमानांचे लाकडी पंखे बनवण्याचा व्यवसाय मांडला. पुढे स्वतःचे विमानही बांधले. १९२१ साली ते कोसळले आणि जोकोन्दो हा भाऊ त्यात गेला. त्यानंतर कुटुंबाने विमानांचा नाद सोडला आणि शेतीसाठी विहिरीतून पाणी उपसणाऱ्या पंपांकडे मोर्चा वळवला. भावांतील धाकटा कांदिदो. त्याचा मुलगा केन १९४१ मध्ये जन्मला आणि पुरता चालू लागण्याच्या वयातच संधिवाताने जखडला. रुग्णालयात खळाळत्या ऊन पाण्यात बसवले की त्याच्या वेदना थोड्या कमी होत. पण ते उपचार मोजकेच मिळत. पंपांच्या कारखान्यातल्या बापाने मग घरच्या टबात सोडता येईल असा एक पंप तयार करवला. १९५६ साली तोच पंप रुग्णांसाठीचे उपकरण म्हणून विक्रीस आला. केनने पुढे या साऱ्याविषयी २००५ मध्ये पुस्तक लिहिले. मारा आणि केन, दोघांनाही दुखण्यानेच टबात बसवले.

चैन नंतर आली. १९६८ चा 'रोमन बाथ' हा तिचा आरंभ. त्याच दशकात सांता बार्बराच्या परिसरात काही तरुणांनी द्राक्षमद्याच्या जुन्या लाकडी पिंपांत गरम पाणी भरून उघड्या आभाळाखाली मित्रमंडळींसह बसायला सुरुवात केली होती. या लाकडी पिंपांतून आजचा अंगणातला 'हॉट टब' निघाला. प्रेरणा जपानी होती, हे त्यातले काही जण मोकळेपणाने मान्य करीत. रोमचे नाव लावलेला टब न्हाणीघरात गेला आणि जपानची आठवण ठेवणारा टब अंगणात मित्रांसाठी राहिला. काळाचा योग असा की स्वतः जपानात सार्वजनिक न्हाणीघरांची संख्या १९६८ च्या आसपास सर्वाधिक, सुमारे अठरा हजार होती आणि त्यानंतर ती सतत घसरत गेली. आज ती दोन हजारांच्याही खाली आहे. घरोघरी न्हाणी झाली, कुंडे ओस पडली. मारी यामाझाकी हिने २००८ ते २०१३ या काळात 'थेर्माए रोमाए' ही चित्रमालिका लिहिली. हेड्रियनच्या काळातील एक रोमन स्नानगृह-रचनाकार पाण्यात बुडतो आणि आधुनिक जपानच्या न्हाणीघरात वर येतो, अशी तिची कल्पना. जपानी वाचकांनी ती डोक्यावर घेतली. तिच्यामागे ओस पडत चाललेल्या कुंडांची हळहळ नसेल असे वाटत नाही.

आणि फायदे? ते आहेतच. पाण्याच्या उद्धरणाने सांध्यांवरचा भार हलका होतो, उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, पाण्याच्या दाबाने पायांकडचे रक्त हृदयाकडे सरकते. झोपण्याच्या एक ते दोन तास आधी ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने स्नान केल्यास झोप लवकर लागते, असे टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी पाहणीत सुमारे तीस हजार माणसांचा दीर्घकाळ मागोवा घेतला होता. जवळजवळ रोज टबस्नान करणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण, आठवड्यातून फार तर दोनदा करणाऱ्यांच्या तुलनेत, २८ टक्क्यांनी कमी आढळले. ज्यांना रोज टब भरता येतो त्यांचे बाकीचे आयुष्यही बरे असते, ही शंका अशा पाहणीत उरतेच. त्याच जपानात दरवर्षी हजारो वृद्ध कढत टबात भोवळ येऊन दगावतात, हेही तितकेच खरे. गर्भवती, हृदयरोगी आणि मद्य घेतलेला माणूस यांनी जपून राहावे, तापमान ४० अंशांपुढे नेऊ नये, हे सल्ले त्यामुळेच दिले जातात.

१९९९ साली नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल येथील पुष्पप्रदर्शनात विक्रीसाठी एक खळाळता टब मांडून ठेवला होता. पाणी नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्याच्या तुषारांतून लिजिओनेला हे जंतू हवेत पसरले. तीनशेहून अधिक लोक आजारी पडले आणि किमान बत्तीस जण दगावले. त्यांपैकी कोणी त्या टबात बसले नव्हते. फुले पाहत पाहत ते जवळून गेले होते, इतकेच.